इन्सास रायफल खरंच इतकी वाईट होती का? भाऊ बेळगावला ट्रेनिंगला चाललाय

पाटणचा_पोऱ्या

राम राम मंडळी. धाकटा भाऊ अग्निवीर भरतीत निघालाय. पुढच्या महिन्यात बेळगावला मराठा सेंटरला हजर व्हायचंय. घरात आजी खूश, आई गप्प, आणि हा पठ्ठ्या सकाळ-संध्याकाळ मोबाईलवर बंदुकांचे व्हिडिओ बघतोय. त्यातल्या निम्म्या व्हिडिओंत एकच रडगाणं : इन्सास म्हणजे भंगार, कारगिलमध्ये अडकली, मॅगझीन फुटायची, सीआरपीएफने परत केली, बरं झालं आता एके-२०३ आली.

गावातले एक सुभेदार साहेब भेटले, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "रायफल वाईट नसते रे, हात वाईट असतो," आणि चहा घेऊन निघून गेले. यावरून मला काहीच कळलं नाही.

माझा प्रश्न साधा आहे. रायफल आपल्याच देशात, तीही पुण्यात पाषाणला आखली गेली. पंचवीस वर्षांहून जास्त काळ लाखो जवानांच्या खांद्यावर होती, अजूनही आहे. इतकी टाकाऊ असती तर इतकी वर्षं चालली कशी? आणि चांगली होती तर आता रशियाची आणि अमेरिकेची रायफल का घ्यावी लागली? भावाला म्हणे सेंटरवर अजून इन्सासच शिकवतील. जी जाणार तीच शिकवायची, हा काय प्रकार आहे?

ज्यांनी स्वतः हाताळली आहे त्यांनी लिहिलं तर बरं. व्हिडिओच्या लिंका नकोत, त्या घरी भरपूर आहेत.

---

रेंज_६००

फौजेत नव्हतो, पण हा विषय बरीच वर्षं वाचतोय. खरं सांगतो, राग येऊ देऊ नका.

इन्सास म्हणजे खिचडी आहे. गॅसची पद्धत, म्हणजे सुटलेल्या गोळीच्या गॅसवर पुढची गोळी भरायची सोय, कलाश्निकॉव्हची (एकेची), तो गॅस कमीजास्त करणारा रेग्युलेटर बेल्जियमच्या फाल रायफलीचा, डाव्या बाजूचं कॉकिंग हँडल जर्मन रायफलींसारखं. प्रत्येकाकडून थोडं थोडं घेतलं आणि वर 'स्वदेशी' असं लिहिलं. १९९९ ला कारगिलमध्ये पहिल्यांदा खऱ्या लढाईत गेली आणि तक्रारी आल्या : थंडीत जाम होते, मॅगझीनला तडे जातात, तीन राऊंडच्या बर्स्टवर ठेवली तर सुटतच राहते. नेपाळला आपण ही रायफल भरघोस सवलतीत दिली होती. ऑगस्ट २००५ मध्ये कालिकोट जिल्ह्यात पिली इथे माओवाद्यांच्या हल्ल्यात त्यांचे चाळीसहून जास्त सैनिक गेले, तेव्हा त्यांच्या सैन्याच्या प्रवक्त्याने उघड सांगितलं की इन्सासने दगा दिला. २०१४ मध्ये सीआरपीएफनेही इन्सास काढून एके द्या अशी मागणी केली.

शिवाय इन्सासची ५.५६ मिमीची गोळीच मुळात शत्रूला मारण्यासाठी नव्हे, जखमी करण्यासाठी निवडली होती. एक जखमी झाला की त्याला उचलायला दोघे लागतात, असा तो हिशोब. समोर फिदायीन असेल तर त्याला कोण उचलायला येणार?

तेव्हा भावाला सांगा, ट्रेनिंग कर, पुढे पलटणीत गेल्यावर चांगली रायफल मिळेल.

---

कोत_नंबर_३

राम राम. मी ईएमईचा, म्हणजे सैन्याच्या दुरुस्ती खात्याचा, आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा), हवालदार म्हणून निवृत्त. सिकंदराबादला शिकलो आणि नोकरीची बहुतेक वर्षं वेगवेगळ्या इन्फंट्री पलटणींना अटॅच होतो. म्हणजे माझ्या हातून गोळ्या कमी सुटल्या, रायफली जास्त उघडल्या गेल्या. एसएलआर उघडली, एके उघडली, इन्सास तर इतक्या उघडल्या की झोपेतही जोडीन. तेव्हा जे लिहितो ते कोतच्या, म्हणजे हत्यारखान्याच्या, बाजूने आहे. जनरल साहेबांच्या बाजूने नाही आणि व्हिडिओवाल्यांच्याही नाही.

आधी रेंज भाऊंच्या शेवटच्या मुद्द्याकडे येतो, कारण हे जखमी-बिखमीचं प्रकरण मी प्रत्येक लंगरमध्ये ऐकलंय. इन्सासच्या आधी आपल्याकडे १ए एसएलआर होती, त्याच फालवरून बेतलेली, ७.६२ बाय ५१ ची (गोळीची जाडी ७.६२ मिमी, पुंगळीची लांबी ५१). भारी हत्यार. पण तिचा एक राऊंड साधारण २४ ग्रॅमचा आणि ५.५६ चा १२ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच वजनात जवान दुप्पट गोळ्या नेतो. १६ हजार फुटांवर एक किलो काय असतो ते चढणाऱ्याला विचारा. दुसरं, धक्का कमी. एसएलआरचा बट खांद्यात बसायचा तेव्हा नवा रंगरूट गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटायचा आणि ग्रुपिंग, म्हणजे निशाण्यावरच्या गोळ्यांचा झुबका, गावभर पसरायचं. इन्सासवर तीच पोरं पहिल्याच आठवड्यात बरं ग्रुपिंग द्यायची. त्या काळात जगातली बहुतेक सैन्यं हलक्या गोळीकडे वळली ती वजन आणि धक्का या दोनच कारणांनी. जखमीला उचलायचा हिशोब नंतर चिकटला, ऐकायला झकास वाटतो म्हणून टिकला. जवळून ताशी तीन हजार किलोमीटरच्या वर वेगाने आलेली ५.५६ ज्याला लागते तो हिशोब करायला उरत नाही.

आता खिचडी. इस्रायलची गलील घ्या. ती फिनलंडच्या रायफलीवरून बेतली, आणि फिनलंडची कलाश्निकॉव्हवरून. तिला कोणी नावं ठेवत नाही. चाललेली पद्धत उचलणं यात लाज काय? उलट इन्सासमध्ये जे उचललं ते बहुतेक चांगलंच होतं. गॅसचा पिस्टन आणि फिरणारा बोल्ट एकेचा, म्हणजे मळ सहन करणारा. रेग्युलेटर एसएलआरच्या वळणाचा, त्यामुळे जुन्या जवानाच्या हाताला ओळखीचा, आणि ग्रेनेड फेकायचा असेल तर गॅस बंद करायची सोय. नळीला आतून क्रोम. बटाच्या तळाशी लोखंडी झाकण, त्याच्या आत तेलाची बाटली आणि फुलथ्रू (नळी साफ करायची दोरी), ही सोय तर थ्री-नॉट-थ्रीपासून चालत आलेली. पाषाणच्या एआरडीई या हत्यार-संशोधन संस्थेतल्या लोकांनी कागदावर जी रायफल काढली ती वाईट नव्हती, हे मी कुणासमोरही सांगेन. रेंजवर ४०० मीटरला नीट झिरो केलेली (म्हणजे निशाणा जुळवलेली) इन्सास एकेला मागे टाकते. एकेची गोळी सेकंदाला सातशे मीटरच्या थोडी वर निघते, इन्सासची नऊशेच्या आसपास. तीनशे मीटरच्या पुढे एकेची गोळी खाली बसायला लागते, तिथे ही अजून सरळ असते.

मग बिघडलं कुठे?

माझ्या मते पहिलं बिघडलं मॅगझीनमध्ये. बाकी सगळ्या गोष्टी सोडा. रायफल म्हणजे नळी आणि ट्रिगर असं लोकांना वाटतं. आर्मररला विचाराल तर रायफल म्हणजे मॅगझीन. दहातल्या आठ रोका (रायफल अडकणं) तिथून येतात. इन्सासचं मॅगझीन प्लास्टिकचं, थोडं आरपार दिसणारं, २० राऊंडचं. आत किती गोळ्या उरल्या ते बाहेरून कळावं म्हणून तसं केलं. कल्पना चांगली, प्लास्टिक चांगलं नव्हतं. कडक थंडीत ते ठिसूळ व्हायचं. जवान आडवा पडला, मॅगझीन दगडावर आपटलं, की कडेला बारीक तडा. तडा दिसतही नाही. पण वरचे ओठ, जे गोळीला धरून ठेवतात, ते केसभर उघडतात आणि पुढची गोळी चेंबरच्या तोंडाशी वाकडी येते. आता ही झाली रोक. जवान म्हणतो रायफल जाम. रायफल ठणठणीत असते, तिला खाऊ घालणारा हात मोडलेला असतो. एका हिवाळ्यात उंचावरच्या एका पोस्टवर मी सगळी मॅगझीनं एका ओळीत मांडली, नखाने ओठ तपासत गेलो आणि खराब निघालेल्यांवर लाल रंगाचा ठिपका दिला. ठिपकेवाल्यांचा ढीग बघून कंपनी कमांडर साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतः फोन लावला.

दुसरं, जोडणी. चांगल्या लष्करी रायफलीची खूण अशी की दहा रायफली उघडा, भाग एका गोणीत मिसळा आणि परत दहा रायफली जोडा. सगळ्या चालल्या पाहिजेत. इन्सासच्या बाबतीत मी ही पैज लावली नसती. काही खेप अशी यायची की हात लावावा लागत नसे. काही खेप अशी की एकीचा भाग दुसरीत बसवायला कानस घ्यावी लागे. कानस हातात घेतलेला आर्मरर म्हणजे कुठेतरी, कोणीतरी, आधी आपलं काम केलेलं नाही. कुठे आणि कोणी ते इथे लिहीत नाही, आणि आता लिहून काही होणारही नाही.

तिसरं, तो तीन राऊंडचा बर्स्ट. डोक्यात विचार असा की घाबरलेला जवान ट्रिगर दाबून धरतो आणि सगळं मॅगझीन आभाळात रिकामं करतो, म्हणून तीनवर थांबवा. वाचवणारा विचार आहे. पण तीन मोजण्यासाठी ट्रिगरच्या यंत्रणेत जास्तीचा बारीक भाग लागतो, बारीक स्प्रिंग लागते, आणि जे बारीक असतं ते झिजतं. ते झिजलं की मोजणी चुकते. मला विचाराल तर सिंगल आणि फुल ऑटो ठेवा, आणि तीनवर बोट सोडायचं जवानाला शिकवा. पुढे एक्सकॅलिबर म्हणून सुधारलेला आखूड नळीचा प्रकार काढला त्यात हेच केलं. पण तोपर्यंत वरात पुढच्या गल्लीत गेली होती.

थंडीचं म्हणाल तर तिथे मी अर्धी बाजू जवानाचीही धरतो. गरम बंकरमधून रायफल एकदम बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं आणि ते दव गोठतं. एके असो, इन्सास असो, गोठलेला बोल्ट गोठलेलाच. म्हणून उंचावर रायफल आत आणत नाहीत, बाहेरच झाकून ठेवतात. आणि तेल कमी. मैदानातून आलेला नवा जवान मायेने भरपूर तेल लावतो. थंडीत ते दाट होतं, आणि फायर करताना जास्तीचं तेल उडून डोळ्यात येतं. 'इन्सास डोळ्यात तेल उडवते' ही तक्रार खरी होती. बनावटीत दोष होताच, पण चिंदीने पुसून कोरडी ठेवली की निम्मी तक्रार मिटायची.

नेपाळचं तिथे हजर नसलेल्या माणसाने बोलू नये. एवढंच सांगतो की ती लढाई तासन् तास चालली होती. सतत फायर झाला की गॅस प्लगमध्ये काजळी धरते, आणि रेग्युलेटर एक घर पुढे सरकवायचा असतो. हे शिकवलं असेल तर जवान तीस सेकंदांत करतो. नसेल शिकवलं तर त्याच्या हातात काठी आहे. आपल्या बाजूने तेव्हा 'देखभाल नीट झाली नाही' असं सांगितलं गेलं. ते खरं असेलही. पण हत्यार देताना ते सांभाळायची विद्याही द्यावी लागते.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती ना रायफलीची ना जवानाची. वेळ. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला काम सुरू झालं. राजपथावर लोकांनी इन्सास पाहिली १९९८ च्या प्रजासत्ताक दिनाला. मधल्या काळात काश्मीर पेटलं. एसएलआर लांब आणि जड, घराघरांत शिरून लढायला गैरसोयीची, आणि इन्सास अजून तयार नाही. म्हणून नव्वदीच्या सुरुवातीला पूर्व युरोपातून एके आणल्या. म्हणजे इन्सास पलटणीत पोचली तेव्हा जवानाच्या हाताला एकेची चव लागलेली होती. खोऱ्यातली लढाई पन्नास-शंभर मीटरची, सफरचंदाच्या बागेत, जिन्यात, गोठ्यात. तिथे कोणाला ४०० मीटरचं ग्रुपिंग हवंय? इन्सास मैदानी लढाईसाठी आखली होती आणि पोरगी सासरी गेली ती डोंगरात.

जेवायला बोलावतायत. उरलेलं नंतर.

---

वरणगाव_लाईन

आर्मरर साहेबांना नमस्कार. मी बंदुकीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस. माझं आयुष्य भुसावळजवळ वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत गेलं, काडतुसांच्या लाईनवर. रायफलीवर सगळे बोलतात, गोळीवर कोणी बोलत नाही म्हणून लिहितो.

५.५६ चं काडतूस दिसतं करंगळीएवढं, पण त्याची पुंगळी पितळेच्या छोट्या वाटीपासून खेचत खेचत लांब करत आणतात. प्रत्येक खेचणीनंतर पितळ कडक होतं म्हणून मध्ये मध्ये तापवून नरम करावं लागतं. नरम जास्त झालं तर पुंगळी चेंबरला चिकटून बसते, बाहेर येत नाही. कडक राहिलं तर मानेला चीर जाते. गोळी स्वतः चार ग्रॅमची : टोकाला पोलादाचा तुकडा, मागे शिसं, वरून तांब्याच्या मिश्रधातूचं कवच. मग वेग, दाब, पाण्याची चाचणी, नेमबाजीची चाचणी. आणि हे सगळं पास झालं तरी शेवटी रायफलीत घालून चालवून बघायचंच. कारण रायफल आणि गोळी यांचं लग्न असतं, पत्रिका जुळून भागत नाही.

आपल्याकडे रायफल नवी, तिची गोळीही देशाला नवी आणि दोन्हींच्या लाईनी एकाच वेळी उभ्या राहत होत्या. सुरुवातीला ५.५६ ची गोळी बाहेरूनही आणावी लागली. रायफल बनवणारे तीन कारखाने : इशापूर, कानपूर, तिरुचिरापल्ली. आखणारे पुण्यात, गोळी खानदेशात, तपासणी करणारं खातं वेगळं, वापरणारा काश्मिरात. चूक सापडली की ती नक्की कोणाची, हे ठरेपर्यंत पुढची खेप निघालेली असायची. हे मी कुणा एकावर ढकलत नाही. रचनाच तशी होती. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ऑर्डनन्स बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या. आमची फॅक्टरी म्युनिशन्स इंडियात गेली, तिचं मुख्यालय पुण्याला. रायफलवाले वेगळ्या कंपनीत, कानपूरला. म्हणजे आता गोळी आणि रायफल यांच्या कंपन्याही वेगळ्या. याने सुधारणा होईल की नाही हे आमच्यानंतरचे सांगतील.

एक काळजी मात्र बोलून दाखवतो. आता सैन्यात इन्सासची ५.५६ आहे, एके-२०३ ची ७.६२ बाय ३९ आहे, अमेरिकेच्या सिग ७१६ ची ७.६२ बाय ५१ आहे. ७.६२ हा आकडा सारखा दिसला तरी दोन्हींच्या पुंगळ्या वेगळ्या, एकीची दुसरीत जात नाही. पूर्वी पुरवठ्याच्या ट्रकमध्ये रायफलीची एक पेटी असायची, आता तीन. रात्री, पावसात, चुकीची पेटी वर गेली तर काय, हा प्रश्न कागदावर छोटा दिसतो.

---

रेंज_६००

आर्मरर काका, मॅगझीनचा मुद्दा मान्य. मी कुठेच इतका नीट वाचला नव्हता. पण एक सांगा. दोष इतके स्पष्ट होते तर वीस वर्षांत सुधारून चांगली इन्सास का नाही निघाली? इतर देशांनी आपल्या वाईट रायफली सुधारून घेतल्याच की. ब्रिटिशांची एसए८० सुरुवातीला याहून बदनाम होती. त्यांनी ती दुरुस्तीला जर्मन कंपनीकडे दिली आणि अजून वापरतायत.

---

पाटणचा_पोऱ्या

काका, भाऊ शेजारी बसून वाचतोय. त्याचे दोन प्रश्न. एक, पुण्याची ती नवी 'उग्रम' म्हणतात ती इन्सासची पोरगी आहे का? दोन, त्याला इन्सास मिळाली तर तिच्याकडे पहिल्या दिवशी काय बघायचं?

---

कोत_नंबर_३

जेवण झालं. बसतो.

रेंज भाऊ, एसए८० चं उदाहरण बरोबर दिलंत आणि तुमचं उत्तर त्यातच आहे. ब्रिटिशांनी आधी गोळी ठरवली आणि मग त्याच गोळीच्या रायफलीवर ते वर्षानुवर्षं काम करत बसले. आपल्याकडे दोषांवर काम झालं नाही असं नाही. कारगिलनंतर बदल झाले, लाकडी बट जाऊन प्लास्टिकचा आला, मॅगझीनही पुढे बरी मिळायला लागली. निवृत्त व्हायच्या सुमाराला माझ्या हातात येणाऱ्या रायफली पहिल्या खेपांपेक्षा कितीतरी सरस होत्या. पण तोवर खालची जमीनच हलत होती. २०११ मध्ये सैन्याला हवी होती एक अशी रायफल जिची नळी बदलली की ५.५६ पण चालेल आणि एकेची ७.६२ पण. चाचणीला आलेल्यांपैकी कुणाला ते नीट जमलं नाही आणि २०१५ मध्ये निविदा रद्द झाली. मग ठरलं, ७.६२ बाय ५१ हवी, एका गोळीत माणूस खाली. म्हणजे फिरून एसएलआरच्याच गोळीवर! त्यावर इशापूरने रायफल केली, ती २०१७ मध्ये चाचणीत नापास. एक्सकॅलिबर तयार होती, पण ती ५.५६ ची, म्हणून तिचा विचार मागे पडला. शेवटी २०१९ मध्ये अमेरिकेकडून ७२,४०० सिग ७१६ घेतल्या. आणि मोठ्या संख्येसाठी अमेठीजवळ कोरव्याला रशियाबरोबर कारखाना, डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांच्या वर एके-२०३ चा करार, ७.६२ बाय ३९ मध्ये.

आता तुम्हीच बघा. तीस वर्षांत आपण ७.६२ वरून ५.५६ वर आलो, मग दोन्ही हवं म्हणालो, मग परत ७.६२ वर गेलो आणि मग दुसऱ्याच ७.६२ वर. प्रत्येक वेळी कारणं होती आणि प्रत्येक वेळी ती खरीही होती. पण आखणाऱ्याच्या टेबलावरचा कागद दर काही वर्षांनी बदलला तर रायफल सुधारायची कधी? पाषाणवाल्यांची मी बाजू घेतो ती एवढ्यासाठी. कानस चालवताना मी त्यांना भरपूर शिव्याही दिल्यात, तो हिशोब वेगळा.

एके-२०३ बद्दल माझं मत चांगलं आहे. वरच्या झाकणाला बिजागरी आणि त्यावर दुर्बीण लावायची पट्टी, हे जुन्या एकेत नव्हतं. जुन्या एकेचं झाकण सुटं, त्यावर दुर्बीण बसवली तर प्रत्येक उघडणीला झिरो हलणार. ती अडचण गेली. आणि रायफल इथे बनते म्हणजे भाग इथे मिळतील. पण वरणगावच्या दादांनी सांगितलं ते ध्यानात ठेवा. परवान्यावर बनवायला शिकलो म्हणजे आखायला शिकलो असं होत नाही. एसएलआर आपण अनेक वर्षं बनवली आणि तरी इन्सास करताना घाम फुटला. इन्सास केली म्हणूनच पुढचे लोक तयार झाले. एआरडीईची जेव्हीपीसी कार्बाइन आली. इन्फंट्री स्कूलबरोबर बनवलेलं 'अस्मि' हे छोटं ९ मिमीचं हत्यार २०२४ मध्ये उत्तर कमांडने घेतलंसुद्धा. इन्सासच्या घरातली कार्बाइन मात्र कधी सैन्यात आलीच नाही. रायफल, एलएमजी (हलकी मशीनगन) आणि कार्बाइन (आखूड रायफल) अशी तिन्ही एका घरातली करायची ठरलं होतं, आल्या दोनच.

उग्रम. बाळा, ती इन्सासची पोरगी नाही. तेच माहेर आहे, एआरडीई पाषाण. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात दाखवली. ७.६२ बाय ५१, चार किलोच्या आत, ५०० मीटरचा पल्ला, २० राऊंडचं मॅगझीन. हैदराबादच्या एका खासगी कंपनीला बरोबर घेतलं आणि शंभर दिवसांच्या आत नमुना उभा केला असं जाहीर झालं. शंभर दिवस ऐकून टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत. नमुना कितीही दिवसांत करा, मला पाच नमुन्यांत रस नाही. दहा हजारावी रायफल कशी येते ते बघायचंय. ती आली की कोणी तरी तिची दहा मॅगझीनं बर्फात रात्रभर ठेवावीत आणि सकाळी दगडावर आपटावीत. ती टिकली तर मी पाषाणला पेढे घेऊन जाईन, येण्याजाण्याचं भाडं माझं.

आता भावासाठी. जी जाणार ती कशाला शिकवतात, असं तुझ्या दादाने विचारलं होतं. सहा लाख रायफली एका दिवसात येत नाहीत, सेंटरला सगळ्यात शेवटी येतात, आणि तुझ्या पलटणीत, पहाऱ्यावर, कुठेही इन्सास हातात येऊ शकते. शिवाय गॅस पिस्टन आणि फिरणारा बोल्ट इन्सासमध्ये समजला तर एके उघडायला तुला अर्धा दिवसही लागणार नाही.

पहिल्या दिवशी रायफलीचा नंबर पाठ कर. उस्ताद तो रात्री दोनला विचारतील. मग मॅगझीन. रिकामं कर, उजेडाकडे धर, मागच्या कडेला आणि ओठांपाशी तडा आहे का बघ. दोन्ही ओठ एका उंचीचे हवेत. तडा दिसला तर लाजू नकोस, कोत एनसीओला दाखव. तो ओरडेल, ओरडू दे, बदलून घे. मग रेग्युलेटर कोणत्या घरावर आहे ते बघ. आधीच्या पोराने कुठेही सोडलेला असतो. गॅस बंद राहिला असेल तर प्रत्येक गोळीनंतर हाताने कॉक करावं लागेल आणि सगळी रेंज तुला हसेल. चेंबरमध्ये बोट नको, चिंदी घाल आणि काळी येते की पिवळी ते बघ. काळी म्हणजे काजळी, पिवळी म्हणजे जास्तीचं तेल. दोन्ही नको. झिरोइंग स्वतः केल्याशिवाय त्या रायफलीच्या नावाने तक्रार करू नकोस, कारण आधीच्याचा डोळा वेगळा असतो.

आणि बूट आत्तापासून घालून पायाला सवय लाव. पहिल्या महिन्यात पोरं रायफलीने रडत नाहीत, टाचेच्या फोडांनी रडतात.

---

वरणगाव_लाईन

आर्मरर साहेब, पेढे न्यायच्या दिवशी कळवा. मीही भुसावळहून गाडी पकडतो. दहा मॅगझीनं भरायला गोळ्या लागतीलच.

---

पाटणचा_पोऱ्या

भावाने सगळं वहीत उतरवून घेतलंय. 'चिंदी' म्हणजे काय ते आजीने त्याला तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून दाखवलं, आणि आता म्हणतेय बेळगावला जाताना दोन मीटर घेऊन जा. काका, बाहेरचं कापड चालतं का तिथे?

---

कोत_नंबर_३

चालत नाही. सरकारी मिळतं. पण बूट चमकवायला लुगड्यासारखं दुसरं काही नाही, आजीला सांग दोन मीटर द्या.